कॉलिन चॅपमन

आमच्या शाळेच्या फाटकापाशी एखादी नवी मोटारगाडी येऊन उभी राहिली, की मुलांचा घोळका तिच्याभोवती जमतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : हिची अश्वशक्ती किती? ज्या गाडीचे इंजिन जबर ती गाडी श्रेष्ठ, असा मुलांचा सरळ हिशेब असतो. तो अगदीच चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तो अपुरा आहे, हे ज्यांनी जगास दाखवून दिले, त्या एका इंग्रज इंजिनियराचे चरित्र यंदाच्या अंकात आम्ही विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहो. हे चरित्र निर्दोष पुरुषाचे नव्हे. कित्येक चरित्रे अनुकरणार्थ वाचावयाची असतात, कित्येक सावध होण्यासाठी. हे दोन्ही कारणांसाठी वाचण्याजोगे आहे.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन ह्यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळील रिचमंड येथे झाला. त्यांचे वडील उत्तर लंडनातील हॉर्नसी येथे एक लहानसे हॉटेल चालवीत असत. महायुद्धाचे दिवस सरल्यावर, म्हणजे १९४५ साली, कॉलिन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्यशास्त्राच्या अभ्यासासाठी दाखल झाला. पूल व इमारती ह्यांचा भार कोणत्या तुळईवर किती पडतो, कोठे लोखंड अधिक हवे व कोठे ते व्यर्थ आहे, हे तो तेथे शिकला. विद्यापीठाच्या हवाई पथकात त्याने विमान चालविण्याचेही शिक्षण घेतले. विमानाच्या रचनेत एक शेर वजनही फुकट वागविणे परवडत नाही, ही गोष्ट त्याच्या मनात कायमची ठसली. तरी अभ्यासात तो फार नेमस्त होता असे नाही. शेवटच्या परीक्षेत गणिताने त्यास दगा दिला, व पुन्हा परीक्षेस बसून १९४९ साली त्याने पदवी मिळविली.

कॉलेजात असता एका मित्राच्या भागीत जुन्या मोटारी विकत घेऊन त्या थोड्या नफ्याने विकण्याचा उद्योग त्याने आरंभिला होता. त्या काळी इंग्लंडात पेट्रोल मोजून मिळत असे. १९४७ साली खासगी मोटारींना मिळणारे ते पेट्रोलही सरकारने बंद केले, आणि जुन्या गाड्यांचे भाव एकदम कोसळले. कॉलिनला होता तो माल पडत्या भावाने विकावा लागला, व शेवटी १९३० सालची एक ऑस्टिन सेव्हन गाडी गळ्यात राहिली. ही त्या देशातील गरिबांची मोटार. इंजिन अवघे ७४७ घनसेंटिमीटरांचे. गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा कॉलिनने ठरविले की, जी विकत नाही ती आपणच नव्याने बांधू.

हे बांधकाम एखाद्या कारखान्यात झाले नाही. हेझल विल्यम्स ह्या मुलीशी कॉलिनचा स्नेह होता. तिच्या आईबापांच्या घरामागील गॅरेजात तो हे काम करी. जुन्या गाडीची वरची पेटी त्याने सोडवून टाकली व तिच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटविलेल्या प्लायवुडची नवी पेटी बसविली. विमानाच्या अंगाप्रमाणे ही पेटी केवळ झाकण नव्हती. आडव्या पडद्यांनी ती अशी जखडलेली होती की, खालच्या कमकुवत सांगाड्यास तिचेच बळ मिळावे. १९४८ साली गाडी तयार झाली. सरकारदरबारी तिची नव्याने नोंद होऊन ती रीतसर रस्त्यावर आली, आणि तिचे नाव ठेविले लोटस, म्हणजे कमळ. हे नाव का ठेविले ते चॅपमन ह्यांनी जन्मभर कोणास सांगितले नाही.

येथे वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्लंडात हौशी लोकांच्या मोटारशर्यतींची एक जुनी चाल आहे. कारकून, शिक्षक, दुकानदार असे लोक आठवडाभर ज्या गाडीने कामावर जातात तीच गाडी सुटीच्या दिवशी चिखलाच्या चढणीवर किंवा शर्यतीच्या वाटेवर नेतात, व संध्याकाळी तीत बसून घरी येतात. ऑस्टिन सेव्हनवाल्या हौशी मंडळींचा सेव्हन-फिफ्टी मोटर क्लब नावाचा एक संघ होता. त्याच्या नियमांत बसणारी एक गाडी चॅपमन ह्यांनी १९५१ साली बांधली. ऑस्टिनच्या इंजिनास नळकांडी चार, पण आत हवा घेण्याची तोंडे दोनच. त्यामुळे दोन-दोन नळकांडी एकाच तोंडातून हवेसाठी झगडत. चॅपमन ह्यांनी त्या तोंडांत पडदी घालून प्रत्येक नळकांड्यास स्वतंत्र वाट करून दिली. इंजिनाचा जोर वाढला व गाडी सर्वांच्या पुढे जाऊ लागली. हे कृत्य नियमांत कोठेही मना केलेले नव्हते. पुढे क्लबाने नियम बदलून ते मना केले. नियमाचे अक्षर कोठे संपते हे पाहण्याची ही तीक्ष्ण दृष्टी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

१९५२ साली, हेझल ह्यांनी दिलेल्या २५ पौंडांच्या भांडवलावर, वडिलांच्या हॉटेलामागील जुन्या तबेल्यात चॅपमन ह्यांनी लोटस कंपनी सुरू केली. दिवसा ते एका ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी करीत व रात्री मोटारी बांधीत. दोघांचा विवाह १९५४ साली झाला, व पुढील वर्षारंभी नोकरी सोडून चॅपमन सर्वस्वी ह्याच उद्योगास लागले.

ह्या तबेल्यातील कीर्ती पावलेली पहिली गाडी म्हणजे लोटस मार्क सिक्स. रेल्वेचा लोखंडी पूल आपण पाहतो, त्यात लहान-मोठे त्रिकोण असतात. चौकोन दाबला तर वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. हेच तत्त्व घेऊन चॅपमन ह्यांनी पोलादाच्या बारीक नळ्या जोडून गाडीचा सांगाडा केला. त्याचे वजन अवघे ५५ पौंड, म्हणजे सुमारे २५ किलोग्रॅम. एक माणूस तो सहज उचलू शके. गिऱ्हाइकाने हा सांगाडा व पत्रे घरी न्यावे, जुन्या फोर्ड गाडीचे इंजिन, आस व चाके त्यास जोडावी, आणि आपली गाडी आपण उभी करावी, अशी ही योजना होती. तयार मोटारीवर सरकारचा भारी कर असे. सुट्या भागांच्या जुळणीवर तो नसे. त्यामुळे बेताच्या पगाराच्या तरुणांसही शर्यतीची गाडी परवडू लागली. १९५७ साली ह्याच वंशात लोटस सेव्हन जन्मास आली. तिला दारे नव्हती, वर छप्पर म्हणजे कापड, आणि आत दोन माणसांपुरती जागा.

आता अश्वशक्तीच्या प्रश्नाकडे वळू. समजा, एका गाडीचे वजन १००० किलोग्रॅम व अश्वशक्ती ८० आहे. दुसरीचे वजन ५०० किलोग्रॅम व अश्वशक्ती ४०. प्रत्येक अश्वशक्तीच्या वाट्यास येणारे ओझे दोहोंत सारखेच. म्हणून थांबलेल्या जागेवरून वेग घेण्यात दोघी जवळजवळ सारख्या ठरतील. परंतु वळण आले की जड गाडी बाहेर फेकली जाऊ पाहते, व टायरांवर दुप्पट ताण पडतो. ब्रेक लावला की जड गाडीचा दुप्पट जोर जिरवावा लागतो. म्हणजे वाढविलेली अश्वशक्ती मुख्यतः सरळ वाटेवर उपयोगी पडते. कमी केलेले वजन सर्वत्र उपयोगी पडते. चॅपमन ह्यांच्या साऱ्या कामाचे बीज हेच. मात्र ते अश्वशक्तीचे शत्रू नव्हते. १९६१ साली त्यांनी सेव्हनमध्ये कॉसवर्थ कंपनीने सुधारलेले ८५ अश्वशक्तीचे फोर्ड इंजिन घातले, तेव्हा तिच्याहून पुष्कळ महाग गाड्याही मागे पडू लागल्या. आधी ओझे उतरवावे, मग बळ वाढवावे, हा त्यांचा क्रम होता.

ह्या तत्त्वाने त्यांस जगातील सर्वांत मोठ्या शर्यतींत नेले. १९६२ साली त्यांनी अशी गाडी केली की, तीत निराळा सांगाडा नव्हताच. पत्र्याची पेटी तीच सांगाडा. जिम क्लार्क ह्या स्कॉटिश शर्यतपटूने लोटसवर १९६३ व १९६५ ह्या साली जगज्जेतेपद मिळविले. १९६३ ते १९७८ ह्या काळात गाडी बांधणाऱ्यांचे जागतिक अजिंक्यपद लोटसने सात वेळा जिंकले. १९६६ साली कारखाना नॉरफोक परगण्यातील हेथेल येथील जुन्या विमानतळावर गेला.

परंतु ह्या कीर्तीस एक काळी बाजू होती. पूल बांधणारा इंजिनियर, जेवढा भार येणार त्याहून कितीतरी अधिक भार पेलेल असा पूल बांधतो. हे वरचे बळ रोजच्या कामात दिसत नाही, म्हणून ते फुकटचे ओझे वाटू लागते. लोटसच्या गाड्या वेगवान खऱ्या, पण नाजूक, असा बोभाटा होता. १९६९ साली बार्सिलोना येथे एकाच शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख मोडले व दोन्ही आदळल्या. त्यांतील एक चालक योखेन रिंट ह्यांनी त्यानंतर चॅपमन ह्यांस पत्र लिहून, वजन थोडे वाढले तरी चालेल, पण नाजूक भाग मजबूत करावे, अशी विनंती केली. पुढील वर्षी, ५ सप्टेंबर १९७० रोजी, इटलीतील मोंझा येथे सरावाच्या वेळी रिंट ह्यांच्या लोटसच्या पुढल्या ब्रेकचा दांडा तुटला, गाडी वाटेबाहेर गेली व ते मरण पावले. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्यांस मरणोत्तर मिळाले. रस्त्याकडेचे कठडे नीट नव्हते, पट्टे पुरते बांधलेले नव्हते, अशी इतर कारणेही त्या मृत्यूस होती. सारा दोष एकाच माणसावर ठेवणे न्यायाचे होणार नाही. तथापि तो दांडा तुटला ही गोष्ट राहतेच.

शेवटचा भाग अधिक दुःखाचा आहे. १९७८ साली अमेरिकेतील डेलोरियन ह्या मोटारकंपनीने आपल्या नव्या गाडीची रचना सिद्ध करण्याचे काम लोटसकडे दिले. तिचा कारखाना बेलफास्टजवळ निघाला, व त्यास ब्रिटिश सरकारने गरीब प्रांतातील बेकारांस काम मिळावे म्हणून मोठे द्रव्य दिले. ह्या व्यवहारातील कोट्यवधी रुपयांच्या मोलाची रक्कम जिनिव्हातील एका आडवळणी कंपनीमार्फत गेली व जेथे पोचावयाची तेथे पोचली नाही. १९८२ साली डेलोरियन कंपनी बुडाली, आणि त्याच वर्षी १६ डिसेंबर रोजी, वयाच्या ५४व्या वर्षी, हृदयविकाराने चॅपमन ह्यांचा अंत झाला. त्यांच्यावर खटला चालला नाही, व आपली बाजू मांडण्यास ते उरले नाहीत. परंतु १९९२ साली त्यांच्या कंपनीचा हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्याने गुन्हा कबूल केला व तो तुरुंगात गेला. आणि चॅपमन हयात असते तर त्यांस किमान दहा वर्षांची शिक्षा झाली असती, असा अभिप्राय न्यायाधीशांनी दिला.

एवढा बुद्धिमान मनुष्य असा कसा घसरला? आम्हांस वाटते, की ज्या गुणाने ते चढले त्यास त्यांनी मर्यादा घातली नाही. नियमाने जे मना केले नाही ते करावे, ही युक्ती क्लबाच्या शर्यतीत चातुर्य ठरली, कराच्या बाबतीत गरिबांच्या सोयीची ठरली. पण तीच सवय पैशाच्या व्यवहारात जाऊन, मना केलेलेही झाकून करता येईल असे वाटू लागले, की तिला निराळे नाव पडते. तसेच अनावश्यक ते टाकावे हा नियम उत्तम. पण अनावश्यक काय हे ठरविणाऱ्यास विवेक हवा. दांड्याचे अधिक पोलाद आणि हिशेबातील सचोटी ही दोन्ही रोज उपयोगी पडताना दिसत नाहीत. प्रभूच्या दृष्टांतातील दोन्ही घरे उन्हाळ्यात सारखीच दिसत होती; पाऊस व पूर आल्यावरच खडकावरील कोणते व वाळूवरील कोणते ते कळले.

लोटस सेव्हन बनविण्याचे हक्क १९७३ साली केटरहॅम नावाच्या कंपनीकडे गेले, व ती गाडी अद्याप बनते. आजही पुष्कळ हौशी लोक तिचे भाग पेट्यांतून घरी आणितात, गॅरेजात महिनेन् महिने खपून गाडी उभी करितात, सरकारी तपासणी करवून ती रस्त्यावर आणितात आणि सुटीच्या दिवशी शर्यतीस नेतात. २०१३ साली निघालेल्या तिच्या एका प्रकारात तर ३१० अश्वशक्तीचे इंजिन होते. तबेल्यात सुरू झालेली कल्पना सत्तर वर्षांहून अधिक टिकली, हे चॅपमन ह्यांचे खरे यश. ते त्यांस दिलेच पाहिजे.

पालकांस आमची एक विनंती आहे. आपला मुलगा जुनी सायकल अंगणात उकलून बसला, हात काळे केले व अर्धे भाग इतस्ततः पसरले, तर त्यास रागे भरू नये. अशाच अंगणातून इंजिनियर निघतात. मात्र ती पुन्हा जोडून झाल्यावर तीवर धाकट्या बहिणीस बसवून उतारावरून सोडण्यास तो तयार आहे काय, एवढे त्यास अवश्य विचारावे.