विद्याव्रती डॉ. आंबेडकर
डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. फेब्रुवारी १९१३ मध्ये त्यांचे पितृछत्र हरपले. त्याच वर्षी जुलैत बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रा. सेलिग्मन यांच्यासारखे गुरू लाभले. प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहून १९१५ साली त्यांनी अर्थशास्त्रात एम. ए. पदवी संपादन केली. पुढे शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ साली लंडनचे अध्ययन अर्धवट सोडून परतावे लागले. बडोद्यास एवढ्या विद्वानाला जातीपायी राहावयास जागा मिळेना! तरीही १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. शिक्षणात खंड पडलेल्या आपल्या मुलामुलींना हे चरित्र अवश्य सांगावे.