पोलादी वाहिनीतील लहरींचा गणिती : सर होरेस लँब

तेल, वायू वा वाफ वाहून नेणारी पोलादी वाहिनी जोडापाशी आतून झिजत असेल, तर बाहेरून त्याचा मागमूसही लागत नाही. गळती होऊन आग भडकण्यापूर्वी हा दोष हेरणाऱ्या तंत्राचा पाया ज्यांच्या गणितात आहे, ते सर होरेस लँब कारखान्यातील तंत्रज्ञ नव्हते.

२७ नोव्हेंबर १८४९ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे त्यांचा जन्म झाला. वडील कापूस गिरणीत मुकादम होते. होरेस लहान असतानाच त्यांचे निधन झाले. आईने पुनर्विवाह केल्यावर मावशीने त्यांचा सांभाळ केला. केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८७२ साली त्यांनी दुसरा क्रमांक पटकावला. पुढे ऑस्ट्रेलियातील नवस्थापित अ‍ॅडलेड विद्यापीठाचे ते गणिताचे पहिले प्राध्यापक झाले. १८८५ साली मँचेस्टरला परतून १९२० पर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. द्रवगतिशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो.

१९१७ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी लवचीक पत्र्यातील लहरींवर निबंध प्रसिद्ध केला. पत्र्याच्या दोन्ही पृष्ठभागांमध्ये कोंडलेल्या लहरी सममित व प्रतिसममित अशा दोन प्रकारे धावतात आणि त्यांचा वेग कंपनसंख्या व पत्र्याची जाडी यांवर अवलंबून असतो, हे त्यांनी सिद्ध केले. १९२३ साली त्यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक, तर १९३१ साली 'सर' हा किताब मिळाला. ४ डिसेंबर १९३४ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

या लहरींचा प्रायोगिक पडताळा वर्ल्टन यांनी १९६१ साली प्रसिद्ध केला. तो पाहण्यास लँब हयात नव्हते. पातळ भिंतीची नळी म्हणजे जणू गुंडाळलेला पत्राच. नेहमीच्या श्राव्यातीत तपासणीत उपकरणाखालचा भाग तेवढा कळतो. मार्गदर्शित लहरींच्या पद्धतीत मात्र नळीभोवती संवेदकांचे एक कडे बसवले, की लहरी दोन्ही दिशांना अनेक मीटर धावतात. वेल्डिंगचा जोड सभोवार सारखा असल्याने त्याचा प्रतिध्वनी सममित येतो. झीज वा तडा बहुधा एकाच बाजूस असतो. त्यामुळे प्रतिध्वनीत नळी वाकवणाऱ्या लहरीही मिसळतात. या फरकावरून संशयित जागा ठरते व तेवढ्याच ठिकाणी बारकाईने तपासणी होते. त्यामुळे संपूर्ण वाहिनीचे वेष्टन उकलावे लागत नाही.

या शास्त्रात पत्र्यातील लहरी आजही लँब यांच्याच नावाने ओळखल्या जातात.