शंकेच्या फेऱ्यातून सुटलेले संत

येशूसंघाचे संस्थापक म्हणून आपण संत इग्नेशियस लोयोला यांना ओळखतो. ३१ जुलैला त्यांचा सण साजरा करतो. परंतु या खंबीर संताला एके काळी जीव नकोसा झाला होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

स्पेनमधील लोयोला येथील सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. १५२१ साली पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर ख्रिस्ताचे व संतांचे चरित्र वाचून त्यांचे परिवर्तन झाले. १५२२ साली मोन्सेरातच्या मठात तीन दिवस घेऊन त्यांनी आयुष्यभराचे पापनिवेदन केले आणि जवळच्या मानरेसा गावी ते राहू लागले.

तिथे एका शंकेने त्यांना घेरले. एखादे पाप सांगायचे राहिले तर नाही? ते पुन्हा पापनिवेदन करीत. पण समाधान होत नसे. अगदी स्पष्ट असेल तेच जुने पाप सांगा, असे धर्मगुरूंनी बजावले. पण त्यांना सगळेच स्पष्ट वाटे! रोज सात तास प्रार्थना करूनही शांती नव्हती. जीव द्यावा, असेही विचार येत. त्यांनी आठवडाभर अन्नपाणी सोडले. शेवटी धर्मगुरूंच्या आज्ञेवरून उपवास मोडला. दोन दिवस बरे गेले, मग शंका परतली.

तेव्हा हे विचार कोणत्या वाटेने मनात शिरतात, याचा त्यांनी शोध घेतला. हा आवाज देवाचा नव्हे, हे त्यांनी ओळखले. यापुढे मागचे एकही पाप पुन्हा सांगायचे नाही, असा त्यांनी निश्चय केला आणि ते मोकळे झाले. पुढे ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात अशा शंकांविषयी त्यांनी सूचना लिहिल्या. मन उदास असताना आधीचा निर्णय बदलू नये, हा नियमही त्यांनी दिला. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी या पुस्तकाला मान्यता दिली.

आज मानसोपचारतज्ज्ञ अशा अतिशंकेला मनाचा एक आजार मानतात. शंका आली तरी तीच कृती पुन्हा करायची नाही, हळूहळू भीती ओसरते, हा त्यावरील एक प्रमुख उपचार आहे. गरजेनुसार औषधेही देतात.

आपल्या घरात कोणी असे कुढत असेल, तर त्याची श्रद्धा कमी पडली असे आपण म्हणू नये. त्याने एकाच धर्मगुरूंचे मार्गदर्शन घ्यावे आणि डॉक्टरांकडेही जावे. त्याला एकटे न सोडता आपण सोबत जाऊ या. देवाने केलेली क्षमा पुन्हा पुन्हा तपासायची नसते, ती स्वीकारायची असते.