रडारचा जनक रडारच्याच जाळ्यात

कॅनडातील एका रस्त्यावर १९५० च्या दशकाच्या मध्यास वाहतूक पोलिसांनी एक मोटार अडवली. मोटारीने वेगमर्यादा ओलांडल्याचे रस्त्याकडेला ठेवलेल्या यंत्राने टिपले होते. मोटारीतील साठी ओलांडलेले, ठेंगणे, स्थूल आणि बोलके गृहस्थ होते सर रॉबर्ट वॉटसन-वॉट. ज्या तंत्राने त्यांना पकडले ते रडार शत्रूची विमाने शोधण्यासाठी ब्रिटनमध्ये उभे करण्याचे श्रेय जगाने त्यांनाच दिले होते. या फजितीवर त्यांनी पुढे स्वतःचीच थट्टा करणारी कविताही लिहिली. रडारचा इतिहास सांगताना हा किस्सा हमखास सांगितला जातो, परंतु त्यामागचे आयुष्य मात्र फारसे सांगितले जात नाही.

वॉटसन-वॉट यांचा जन्म १३ एप्रिल १८९२ रोजी स्कॉटलंडमधील ब्रेकिन या लहानशा गावी एका सुताराच्या घरी झाला. वाफेच्या इंजिनाशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या जेम्स वॉट यांचे आपण वंशज आहोत, असे ते अभिमानाने सांगत. त्याला सबळ पुरावा मात्र नव्हता. डंडी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजातून १९१२ मध्ये त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली. तेथील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक विल्यम पेडी यांनी त्यांना बिनतारी लहरींच्या अभ्यासाची गोडी लावली. पहिल्या महायुद्धात लष्करी खात्यात काम करण्याची त्यांची इच्छा होती. प्रत्यक्षात १९१५ मध्ये ते हवामान खात्यात दाखल झाले.

वरवर पाहता ही नोकरी युद्धापासून दूरची होती. त्या काळची विमाने वादळात सापडली की वैमानिकाचे काही खरे नसे. वीज चमकते तेव्हा रेडिओ लहरीही बाहेर पडतात. त्या टिपून वादळाची दिशा आधीच सांगता येईल, हा विचार घेऊन त्यांनी फार्नबरो येथे काम सुरू केले. वीज क्षणार्धात नाहीशी होते, तेवढ्यात तिची दिशा नोंदवायची कशी, हा खरा पेच होता. कॅथोड किरण नळीच्या पडद्यावर ती क्षणभराची लहर उमटवण्याची पद्धत पुढील काही वर्षांत त्यांच्या पथकाने विकसित केली. आकाशातून आलेली खूण पडद्यावर वाचण्याची ही सवय पुढे निर्णायक ठरली. स्लाऊजवळच्या डिटन पार्क येथील रेडिओ संशोधन केंद्राचे ते १९२७ पासून प्रमुख झाले. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला आयनोस्फिअर हे नाव सुचवणारेही तेच.

कलाटणी मिळाली ती एका चमत्कारिक प्रश्नामुळे. शत्रूच्या वैमानिकाला दुरूनच ठार करणारे मृत्युकिरण रेडिओ लहरींपासून बनवता येतील काय, अशी विचारणा ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाकडून त्यांच्याकडे झाली. त्यांनी प्रश्न आडवळणाने आपले सहायक अर्नोल्ड विल्किन्स यांच्याकडे सोपवला. सुमारे साडेचार लिटर पाणी पाच किलोमीटर अंतरावरून, ९८ अंश फॅरनहाइटपासून १०५ पर्यंत तापवायला किती शक्ती लागेल, याचे गणित मांडायला सांगितले. पाण्याचे प्रमाण आणि तापमान पाहून हे माणसाच्या रक्ताविषयी आहे, हे विल्किन्स यांनी ओळखले. लागणारी शक्ती अवाढव्य होती आणि मृत्युकिरणांची कल्पना तेथेच निकालात निघाली. त्याच वेळी विल्किन्स यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. विमान जवळून गेले की रेडिओ संदेशात व्यत्यय येतो, असे टपाल खात्याच्या अभियंत्यांच्या ध्यानात आले होते. मग विमान जाळता आले नाही तरी हुडकता का येऊ नये?

फेब्रुवारी १९३५ मध्ये वॉटसन-वॉट यांनी या कल्पनेचे टिपण मंत्रालयाला दिले. २६ फेब्रुवारीला डॅव्हेंट्रीजवळच्या शेतात एक गाडी उभी राहिली. बीबीसीचे लघुलहरी प्रक्षेपण केंद्र जवळच होते. त्याच लहरींत हेफर्ड जातीचे बॉम्बफेकी विमान मागेपुढे फिरवण्यात आले आणि गाडीतील पडद्यावर हिरवी रेघ लांब-आखूड होऊ लागली. विमान सुमारे १३ किलोमीटर दूर असेपर्यंत त्याची चाहूल लागत होती. पैसा मंजूर झाला. ऑर्फर्डनेस येथे आणि नंतर बॉडसी मॅनर या वाड्यात प्रयोग सुरू झाले. वर्ष संपण्यापूर्वीच हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास पोचले.

वॉटसन-वॉट यांचे वेगळेपण याच टप्प्यावर दिसते. सर्वोत्तम यंत्र कधीच वेळेवर तयार होत नाही, दुसऱ्या क्रमांकाचे उशिरा येते, तेव्हा तिसऱ्या क्रमांकाचे घ्या आणि कामाला लागा, असा त्यांचा आग्रह असे. अचूकतेची हौस असलेल्या शास्त्रज्ञांना हे रुचणे कठीण होते. परंतु १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनच्या पूर्व व दक्षिण किनाऱ्यावर पोलादी आणि लाकडी मनोऱ्यांची चेन होम ही साखळी उभी होती. तिच्या लहरींची लांबी दहा मीटरहून अधिक, म्हणजे जर्मनांच्या तुलनेत तंत्र अगदी ओबडधोबड. तरी १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमाने खाडी ओलांडण्यापूर्वीच त्यांची खबर लढाऊ विमानांच्या तळांवर पोचत होती. अधिक देखण्या यंत्राची वाट पाहत बसले असते तर त्या उन्हाळ्याचा निकाल काय लागला असता, हा प्रश्न आजही अस्वस्थ करणारा आहे.

१९४२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. नावाच्या दोन भागांत जोडरेघ आली तीही तेव्हाच. युद्धानंतर, १९५२ मध्ये सरकारने त्यांना ५० हजार पौंडांचे पारितोषिक दिले. श्रेयाच्या वाटणीवर मात्र कायमचा प्रश्नचिन्हाचा डाग राहिला. गणित विल्किन्स यांचे, टपाल खात्याची आठवणही त्यांचीच. विमानात बसेल एवढे लहान रडार घडवले ते एडवर्ड बोवेन यांनी. जर्मनीत ख्रिश्चन ह्युल्समायर यांनी तर १९०४ मध्येच रेडिओ लहरींनी जहाजे ओळखण्याचे पेटंट घेतले होते. जनक ही उपाधी एकट्याला देणे अन्यायाचे आहे. मात्र कल्पनेला पाच वर्षांत देशभराची यंत्रणा बनवणारा माणूस तोच होता, हेही नाकारता येत नाही.

आता पुन्हा कॅनडातील त्या रस्त्याकडे. काटेकोरपणे पाहिले तर त्यांना पकडणारे यंत्र त्यांच्या रडारचे थेट अपत्य नव्हते. चेन होम प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजून अंतर सांगत असे. पोलिसांचे यंत्र परतलेल्या लहरीच्या वारंवारितेत पडलेला फरक मोजते. वाहन जवळ येत असेल तर ती वाढते, हा ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेला नियम. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात १९४० च्या दशकाच्या अखेरीस पोलिसांनी अशा यंत्रांचा वापर सुरू केला.

रडार आले आणि पाठोपाठ ते हेरणारे यंत्रही आले. तेही युद्धातच जन्मले होते. बिस्केच्या उपसागरात १९४२ मध्ये ब्रिटिश विमाने रात्री रडारच्या साहाय्याने जर्मन पाणबुड्या शोधू लागली. उत्तरादाखल पाणबुड्यांवर मेटॉक्स नावाचे यंत्र आले. लाकडी क्रूसावर तारा ताणलेला त्याचा अँटेना हाताने फिरवावा लागे आणि बुडी मारण्यापूर्वी आत घ्यावा लागे. त्याचे बळ साध्या गणितात होते. अंतर दुप्पट झाले की पाणबुडीपर्यंत पोचणारी लहर एक चतुर्थांश उरते, विमानाकडे परतणारा प्रतिध्वनी मात्र सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे शोधणाऱ्याला सावज दिसण्यापूर्वीच सावजाला शोधणारा ऐकू येतो. मग १९४३ च्या आरंभी दहा सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरींचे नवे रडार आले. मेटॉक्स दीड मीटरच्या लहरी ऐकण्यासाठी बनलेले होते. नव्या लहरींना ते ठार बहिरे ठरले आणि पाणबुड्या बेसावध पकडल्या जाऊ लागल्या.

मोटारसायकलसाठी रडार डिटेक्टर निवडणाऱ्या स्वाराला आजही हेच गणित सोडवावे लागते. पोलिसांचे रडार ज्या पट्ट्यांवर चालते, ते सर्व पट्टे यंत्राला ऐकू आले पाहिजेत, नाहीतर त्याचे मेटॉक्स होते. केवळ संवेदनशील यंत्र घेतले तर दुकानांची स्वयंचलित दारे आणि शेजारच्या मोटारींचे सुरक्षा रडारही त्याला ओरडायला लावतात. तेव्हा खोटे इशारे गाळण्याची क्षमता तितकीच महत्त्वाची. त्यातून मोटारसायकलवर वारा, इंजिनाचा आवाज आणि हेल्मेट यांच्यामुळे साधी शिट्टी ऐकूच येत नाही. इशारा हेल्मेटमधील कर्णयंत्रात किंवा हँडलजवळच्या ठळक दिव्यात यावा लागतो, आणि यंत्र पाऊस व हादरे सोसणारे हवे. मोटारसायकलचा आकार लहान, म्हणून तिचा प्रतिध्वनी क्षीण. पोलिसांना ती जवळ आल्यावरच टिपता येते, हा स्वाराला थोडासा फायदा. परंतु पोलिसाने यंत्र ऐनवेळी सुरू केले तर इशारा आणि दंड एकदमच येतात. लेझर गनपुढे तर निव्वळ रडार ऐकणारे यंत्र निरुपयोगीच. शिवाय कायद्याचे काय? ज्या कॅनडात वॉटसन-वॉट यांना दंड झाला, तेथील बहुतेक प्रांतांत असे यंत्र बाळगणेही गुन्हा आहे. वेग कमी ठेवणे हा उपाय त्या मानाने फारच स्वस्त.

कॅनडातील मुक्कामानंतर वॉटसन-वॉट स्कॉटलंडला परतले. १९६६ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तिसरा विवाह केला. पत्नी डेम कॅथरिन ट्रेफ्युसिस-फोर्ब्स या ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेच्या पहिल्या प्रमुख. याच शाखेतील तरुणींनी युद्धकाळात रडारच्या पडद्यांसमोर रात्री जागवल्या होत्या. १९७१ मध्ये कॅथरिन गेल्या. ५ डिसेंबर १९७३ रोजी इन्व्हरनेस येथे वॉटसन-वॉट यांचे निधन झाले. पिटलॉक्री येथील चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. जन्मगावाने त्यांचा पुतळा उभारला तो मात्र २०१४ मध्ये. त्याच्या एका हातात स्पिटफायर विमान आहे आणि दुसऱ्या हातात चेन होमचा मनोरा.