पोथ्या वाचणारा कुलगुरू : डॉ. वि. भि. कोलते

या स्मरणिकेत आपल्या मुलुखातल्या एखाद्या मोठ्या माणसाचे चरित्र असावे, असे ठरले तेव्हा चार-पाच नावे पुढे आली. पंजाबराव, गाडगेबाबा, तुकडोजी महाराज यांच्यावर आपण सगळ्यांनीच शाळेत निबंध लिहिलेले आहेत. म्हणून थोडे बाजूला राहिलेले नाव घेतो : डॉ. विष्णु भिकाजी कोलते. ते आपल्या शाळेचे विद्यार्थी नव्हते, नांदगावचेही नव्हते. तरीही आपल्यापैकी जी ज्येष्ठ मंडळी 1966 ते 1972 या काळात पदवीधर झाली, त्यांनी पेटीच्या तळाशी ठेवलेले प्रमाणपत्र एकदा काढून पाहावे. तेव्हा वऱ्हाड नागपूर विद्यापीठात होते आणि त्या विद्यापीठाचे कुलगुरू कोलते होते.

जन्म 22 जून 1908 चा. गाव नरवेल, तालुका मलकापूर, जिल्हा बुलढाणा. म्हणजे वऱ्हाडाच्या अगदी पश्चिम टोकाचे. काळी माती आणि कापसाचा मुलूख. तिथल्या पोराने फार तर मॅट्रिक होऊन कचेरीत चिकटावे, एवढीच त्या काळची झेप. कोलते नागपूरला जाऊन एम. ए. झाले आणि मराठीचे प्राध्यापक झाले. नागपूर आणि अमरावती इथल्या महाविद्यालयांत त्यांनी शिकवले. उमेदीच्या वयात कविताही केल्या. ‘लव्हाळी’ हा त्यांचा संग्रह. पण कवी म्हणून त्यांची आठवण कोणी ठेवली नाही, आणि मला वाटते त्याची त्यांना फारशी खंतही नसावी. कारण तोवर त्यांना आयुष्याचे काम सापडले होते.

ते काम म्हणजे महानुभावांचे वाङ्मय. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर आपल्याला यात्रेचे गाव म्हणून ठाऊक आहे. तेराव्या शतकात गोविंदप्रभू तिथेच राहिले. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले तेही तिथेच, आणि महदाइसेने धवळे रचले तेही तिथलेच. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ आणि मराठीतली पहिली कवयित्री, दोन्ही आपल्या जिल्ह्यातले. आपल्या खंडेश्वराच्या देवळातला यादवकालीन शिलालेखही त्याच शतकातला. पण हे सारे ग्रंथ पुढे शतकानुशतके कोणाला वाचता येत नव्हते. पंथीयांनी ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून मठात जपले होते. अक्षर मराठी, पण क ला क म्हणावे तर अर्थ लागायचा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचे कोडे सोडवले. मग यवतमाळचे य. खु. देशपांडे, ह. ना. नेने यांच्यासारखे अभ्यासक या कामात पडले. कोलते त्याच रांगेतले, आणि सगळ्यांत चिवट.

1935 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांचा ‘भास्करभट्ट बोरीकर’ हा ग्रंथ आला. पुढे महानुभावांचे तत्त्वज्ञान, त्यांचा आचारधर्म, चक्रधरांचे चरित्र, ‘शिशुपालवध’, ‘स्थानपोथी’ अशी पुस्तके येत राहिली. हे काम नुसते टेबलाशी बसून होणारे नव्हते. पोथी मठात असते, आणि मठाधिपती ती अनोळखी प्राध्यापकाच्या हाती सहज देत नाहीत. त्यासाठी आधी माणूस विश्वासाचा ठरावा लागतो. एकाच ग्रंथाच्या दहा प्रती मांडून शब्दाला शब्द ताडून पाहायचा. कुठे लेखनिक चुकला, कुठे कोणी मागाहून भर घातली, हे ठरवायचे. हा माणूस तीस वर्षे हेच करत होता.

आणि 1966 मध्ये तो कुलगुरू झाला.

यातले विशेष लक्षात यायचे तर आधीची नावे पाहावी लागतील. नागपूर विद्यापीठ 1923 साली निघाले. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस, वकील. पुढे सर हरिसिंग गौर, बॅरिस्टर. भवानीशंकर नियोगी, न्यायमूर्ती. टी. जे. केदार, वकील. विद्यापीठ चालवायचे तर कायदा जाणणारा, सरकारदरबारी वजन असणारा माणूस हवा, अशी त्या काळची रीत होती. ती अगदी चुकीची होती असे मी म्हणणार नाही. गौरांनी तर पुढे स्वतःच्या पैशाने सागरला विद्यापीठ उभे केले. पण मराठी शिकवणारा, जुन्या पोथ्यांत रमणारा नरवेलचा माणूस त्या खुर्चीवर बसणे वेगळेच होते. इंग्रजी-विज्ञानवाल्यांपुढे मराठीच्या मास्तराला कॉलेजात काय मान असे, हे जुन्या लोकांना विचारा!

विद्यापीठाचा पसारा तेव्हा विदर्भाच्या आठही जिल्ह्यांचा. मलकापूरपासून चांद्यापर्यंत. नरवेलहून निघालेला मुलगा ज्या विद्यापीठाच्या एका टोकाला जन्मला, त्या सगळ्याचा कारभार आता त्याच्याकडे होता. तालुक्याच्या गावांतून महाविद्यालये निघू लागली होती, शेतकऱ्यांच्या घरातली पहिली पिढी कॉलेजात येऊ लागली होती. 1969 मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ झाले. कुलगुरुपदावर असतानाच, 1967 साली, भोपाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

1972 मध्ये ते पदावरून मोकळे झाले. बहुतेक माजी कुलगुरू मग समित्यांवर दिसतात. कोलत्यांचे सगळ्यांत मोठे काम मात्र यानंतरचे. 1978 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने त्यांनी संपादलेले ‘लीळाचरित्र’ छापले. हे संपादन का अवघड, ते सांगायला हवे. म्हाइंभटांची मूळ प्रत एका धाडीत हरवली, असे परंपरा सांगते. मग ज्यांना जे मुखोद्गत होते त्यावरून पुन्हा लिहून काढले गेले, आणि एकाच लीळेचे निरनिराळे पाठ झाले. त्यातून मूळ कोणते हे ठरवणे म्हणजे सातबारा हरवल्यावर शेजाऱ्यांच्या साक्षीने धुरा कायम करणे.

तो धुरा सगळ्यांना मान्य झाला नाही. काही लीळांवरून पंथातल्या मंडळींनी कडक आक्षेप घेतले आणि वाद बराच पेटला. ज्या लोकांच्या पोथ्या उभ्या महाराष्ट्रापुढे आणण्यात आयुष्य घातले, त्यांच्यातलेच काही दुखावले. श्रद्धेने पोथी जपणाऱ्याचे म्हणणे समजते. पण प्रतीत जे सापडले ते गाळायचे नाही, हा संशोधकाचा धर्मही समजतो. यात कोणाला सोपे उत्तर सुचत असेल तर त्याने प्रस्तावनेसह तो जाडजूड ग्रंथ एकदा उघडून पाहावा.

आपला अमरावती विभाग 1 मे 1983 रोजी नागपूरपासून वेगळा झाला, अमरावती विद्यापीठ निघाले. आज त्याला गाडगेबाबांचे नाव आहे आणि नागपूरला तुकडोजी महाराजांचे. दोघेही आपल्याच जिल्ह्यातले, आणि दोघांपैकी कोणीही कॉलेजची पायरी चढलेले नाही. रिद्धपूरला आता मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ सुरू झाले आहे. कोलत्यांनी ते पाहिले नाही. आत्मचरित्राला त्यांनी ‘अजुनि चालतोचि वाट’ असे नाव दिले होते. 8 एप्रिल 1998 रोजी ते वारले, तेव्हा नव्वदी पुरी व्हायला अडीच महिने उरले होते.