सागाची मोजणी ते ग्रामवनांचा आग्रह : भारतीय वनव्यवस्थेचे प्रवर्तक डीट्रिच ब्रँडिस

भारतातील सरकारी वनखात्याचा पाया घालणारा पहिला वनमहानिरीक्षक इंग्रज नव्हता, जर्मन होता. आणि त्याचे मूळ शिक्षण वनशास्त्राचे नसून वनस्पतिशास्त्राचे होते. डीट्रिच ब्रँडिस यांनी जर्मनी व फ्रान्समधील वनविद्या ब्रह्मदेश आणि भारतातील अरण्यांत आणली. येथे मिळालेला अनुभव पुढे त्यांनी युरोप व अमेरिकेतील तरुण वनाधिकाऱ्यांच्या हाती दिला. जंगल राखायचे ते कोणासाठी, हा त्यांच्यासमोर उभा राहिलेला प्रश्न मात्र आजही पूर्णपणे सुटलेला नाही.

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी बॉन येथे झाला. वडील ख्रिस्तियान ऑगस्ट ब्रँडिस हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. ग्रीसचे राजे ओटो यांचे सल्लागार म्हणून ते काही काळ अथेन्सला गेले, तेव्हा बालवयातील डीट्रिचचे वास्तव्यही तेथेच होते. पुढे कोपनहेगन, ग्योटिंगेन आणि बॉन येथे शिक्षण घेऊन ब्रँडिस यांनी १८४९ पासून बॉन विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन सुरू केले.

त्यांचा भारताशी संबंध जुळला तो विवाहामुळे. १८५४ मध्ये त्यांनी श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्या कन्या रेचल यांच्याशी विवाह केला. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये ज्या मिशनने छापले, तेच हे श्रीरामपूर. रेचल यांच्या भगिनी सेनानी हेन्री हॅवलॉक यांच्या पत्नी होत्या. या नात्यामुळे ब्रँडिस यांचे नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्यापर्यंत पोहोचले.

डलहौसी यांना त्या वेळी अशा माणसाची निकड होती. १८५२ च्या युद्धानंतर पेगू प्रांत ब्रिटिशांच्या ताब्यात आला होता आणि जहाजबांधणीसाठी तेथील सागाला मोठी मागणी होती. मात्र शेजारच्या तेनासरीम भागात लाकूड व्यापाऱ्यांना मोकळीक मिळाल्यावर सागवनांची काय दशा झाली, हे सरकारने पाहिले होते. त्यामुळे १८५५ मध्ये पेगूतील साग सरकारी मालकीचा ठरविण्यात आला आणि १८५६ च्या आरंभी ब्रँडिस तेथील वनांचे अधीक्षक झाले.

जंगलात एकूण झाडे किती, हे ठाऊक असल्याखेरीज दरवर्षी किती तोडावीत हे ठरविता येत नाही. ब्रँडिस यांनी कामाची सुरुवात या मोजणीपासून केली. हत्तीवर बसून ते डोंगरधारा व नाल्यांच्या काठाने जात आणि दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या सागाची नोंद घेत. मुसळधार पावसात कागदाचा उपयोग नव्हता, म्हणून काठ्यांवर चाकूने खाचा पाडून ते हिशोब ठेवीत. झाडांचे घेरानुसार चार वर्ग केलेले असत. सहा फूट वा त्याहून अधिक घेराची झाडे पहिल्या वर्गात मोडत. दुसऱ्या वर्गातील झाडे पहिल्या वर्गात येण्यास किती वर्षे लागतात, याचा अंदाज बांधून त्याच प्रमाणात वार्षिक तोड ठरविण्यात आली. मुद्दलाला हात न लावता व्याजावर निर्वाह करावा, असे हे तत्त्व होते. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. त्यामुळे निवडलेल्या झाडांच्या बुंध्याभोवती वलय पाडून ती उभीच वाळू दिली जात आणि नंतर नदीमार्गे खाली आणली जात.

दुसरी अडचण फिरत्या शेतीची होती. डोंगरावरील कारेन लोक जंगल जाळून भात पेरीत आणि एक-दोन पिकांनंतर जागा बदलीत. केवळ बंदी घालून ही पद्धत थांबणार नव्हती. तेव्हा भातासोबत सागाचे बी लावून घ्यावे आणि पीक काढून कारेन पुढे गेले की मागे सागाची लागवड उभी राहावी, असा मार्ग ब्रँडिस यांनी अवलंबिला. ‘टाँग्या’ या नावाने ही पद्धत पुढे भारतात व इतर उष्ण प्रदेशांतही पसरली. वनखात्याला तिच्यामुळे स्वस्त श्रम मिळाले. ज्याने जमीन कसली त्याचा मात्र उगवलेल्या वनावर हक्क राहिला नाही.

भारतात त्यापूर्वीही काही प्रयत्न झाले होते. मुंबई इलाख्यात १८४७ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक होते, तर मद्रासमध्ये १८५६ पासून डॉ. ह्यू क्लेगहॉर्न काम पाहत होते. परंतु रेल्वेचे जाळे पसरू लागले तशी स्लीपरांसाठी साग, साल व देवदार यांची तोड वाढली आणि अखिल भारतीय व्यवस्थेची गरज भासू लागली. १ नोव्हेंबर १८६४ रोजी ब्रँडिस वनमहानिरीक्षक झाले. सातपुड्यातील बोरीचे जंगल १८६५ मध्ये राखीव करण्यात आले. प्रशिक्षित मनुष्यबळ नव्हते, म्हणून ब्रँडिस यांनी १८६६ मध्ये विल्यम श्लिच व बर्थोल्ड रिबेनट्रॉप या जर्मन वनतज्ज्ञांना आणविले. पुढे हे दोघेही त्यांच्या पदावर आले. ब्रिटिश उमेदवारांना जर्मनीत आणि फ्रान्समधील नान्सी येथे शिक्षणासाठी धाडले जाऊ लागले. परदेशी शिक्षणावर कायम विसंबता येणार नाही, हे जाणून ब्रँडिस यांनी १८७८ मध्ये डेहराडून येथे वनविद्यालय सुरू केले.

याच वर्षी वन कायदा झाला आणि ब्रँडिस यांच्या कारकिर्दीतील मोठा वाद निकाली निघाला. पंजाबातील अधिकारी बी. एच. बेडन-पॉवेल यांचे म्हणणे होते की, रयतेचा जंगलातील वापर हा हक्क नसून सरकारने दिलेली सवलत आहे. गावकऱ्यांचे हक्क पूर्वापार असल्याची भूमिका मद्रासच्या महसूल अधिकाऱ्यांनी घेतली होती. ब्रँडिस यांनी मधला मार्ग सुचविला. मोलाची वने सरकारने राखावीत, पण तेथील हक्कांची नोंद व्हावी. उरलेल्या जंगलांतून गावांसाठी स्वतंत्र ग्रामवने द्यावीत आणि त्यांचा कारभार गावानेच पाहावा. भारतीय देवराया आणि राजपुतान्यातील संस्थानांनी राखलेली राने त्यांनी पाहिली होती. येथील लोकांना वन राखता येते, ही त्यांची खात्री त्यातून झाली होती.

कायद्यात राखीव, संरक्षित आणि ग्रामवने असे तीन प्रकार आले. ग्रामवनांचे कलम मात्र बहुतांशी कागदावरच राहिले आणि राखीव वनांचे क्षेत्र वाढत गेले. चराई, सरपण व पालापाचोळा यांवरील निर्बंधांविरुद्ध महाराष्ट्रातही असंतोष उसळला. पुणे सार्वजनिक सभेने आक्षेप नोंदविले. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मधील ग्रंथात वनखात्यामुळे शेतकऱ्यांच्या गुराढोरांवर आलेल्या संकटाची कठोर चिकित्सा केली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींमुळे मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. ज्या वर्षी फुले यांनी तो ग्रंथ लिहिला, त्याच वर्षी ब्रँडिस सेवानिवृत्त झाले. या असंतोषाला कारण ठरलेले खाते त्यांनीच उभारले होते, आणि त्यावरचा त्यांनी सुचविलेला उपायही त्याच सरकारने बाजूला ठेवला होता.

बॉनला परतल्यावर ब्रँडिस यांनी ब्रिटिश वनविद्यार्थ्यांना जर्मन जंगलांत प्रत्यक्ष काम शिकविले. १८८९ मध्ये गिफर्ड पिंशो हा अमेरिकी तरुण त्यांच्याकडे आला. त्यांच्याच सल्ल्याने तो नान्सीला शिकला आणि १९०५ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला. अमेरिकेत १८९८ मध्ये बिल्टमोर वनविद्यालय काढणारे कार्ल शेंक हेही ब्रँडिस यांचेच शिष्य. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना १८७५ मध्येच मिळाले होते, तर १८८७ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली.

उतारवयात त्यांनी भारतीय उपखंडातील वृक्षांचा ग्रंथ लिहिण्यास घेतला. सुमारे ४४०० जातींची माहिती देणारा ‘इंडियन ट्रीज’ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २८ मे १९०७ रोजी बॉन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी सुचविलेल्या ग्रामवनांचा विचार शतकभराने पुन्हा पुढे आला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांचा सामूहिक हक्क मान्य केला आणि गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे तो हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी एक ठरले. सरकारी राखीव वन आणि गावाने राखलेले वन यांची सांगड कशी घालावी, हा ब्रँडिस यांचा प्रश्न आता अशा गावांच्या ग्रामसभांत रोजच्या कारभाराचा भाग झाला आहे.