सर वॉल्टर स्कॉट

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील रेल्वेस्थानकांवर रंगीत भित्तिपत्रके झळकत. त्यांतील काही प्रवाशांना एका कादंबरीकाराच्या भूमीचे दर्शन घेण्यास पाचारण करीत. तो कादंबरीकार म्हणजे सर वॉल्टर स्कॉट.

स्कॉट यांचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. शैशवातच आजाराने त्यांचा उजवा पाय अधू झाला. प्रकृती सुधारावी म्हणून त्यांना आजोबांच्या शेतावर ठेवण्यात आले. तेथे ऐकलेल्या शौर्यकथा त्यांच्या मनात खोल रुजल्या. पुढे वकिली करीत असता त्यांनी काव्ये रचिली आणि १८१४ साली ‘वेव्हर्ले’ ही कादंबरी निनावी प्रसिद्ध केली.

१८२६ साली त्यांची भागीदारी असलेला छापखाना व त्यांचे प्रकाशक एकदमच बुडाले. सुमारे एक लक्ष वीस हजार पौंडांचे ऋण स्कॉट यांच्या शिरावर आले. त्याच वर्षी पत्नीही निवर्तली. दिवाळे काढून मोकळे होणे शक्य होते. परंतु मित्रांचे साहाय्यही नाकारून त्यांनी लेखणीच्या बळावर पै न् पै फेडण्याचा निश्चय केला. प्रकृती ढासळली, तरी लेखन थांबले नाही. २१ सप्टेंबर १८३२ रोजी त्यांचे देहावसान झाले. उरलेले ऋण पुढे त्यांच्या ग्रंथांनीच फेडले.

त्यांच्या गावाकडे आगगाडी पोहोचली ती त्यांच्या पश्चात. एडिंबरोच्या मुख्य स्थानकाला ‘वेव्हर्ले’ हे नाव मिळाले. इंजिनांनाही त्यांच्या पात्रांची नावे लाभली.

विद्यार्थिमित्रांनो, भित्तिपत्रकांनी स्कॉट यांची भूमी दाखविली. परंतु हा पुरुष दिल्या शब्दाला किती जागणारा होता, हे त्यांच्या चरित्रातच वाचावे लागते.